पूर्वकथेचें ऋण

मराठवाड्यांत कोणत्याही गांवीं हरिनाम सप्ताह बसला कीं त्याची सांगता काल्याच्या कीर्तनानें व्हावयाची, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. सात दिवस नाना अभंगांवर निरूपणें होतात. नाममहिमा, वैराग्य, संतचरित्रें यांचा परामर्श घेतला जातो. आणि शेवटच्या दिवशीं बुवा उभे राहतात ते गोकुळांतील गवळ्यांच्या पोरांच्या शिदोऱ्या सोडावयास. कुरुक्षेत्रावर ज्यानें विश्वरूप दाखविलें, त्याच्या बाळपणींच्या खोड्या ऐकल्यावांचून श्रोत्यांचें मन भरत नाहीं. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीचा आरंभ ऐकण्याची ही हौस मनुष्याला फार पुरातन काळापासून आहे. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनीं ती अलीकडे हेरली व तिला ‘प्रीक्वेल’ असें नांव दिलें. आम्ही तिला पूर्वकथा म्हणूं.

या महिन्यांत आम्हीं लिहावयास घेतलेला विषय म्हणजे अशीच एक पूर्वकथा. ‘बाहुबली’च्या दोन चित्रपटांचे आम्ही चाहते आहों, हें प्रथमच सांगून टाकतों. त्या कथेच्या आधींचा भाग म्हणून ‘बाहुबली : क्राऊन ऑफ ब्लड’ ही सचेतन चित्रांची, म्हणजे अ‍ॅनिमेशनची, मालिका चित्रगृहाचें तोंड न पाहतां १७ मे २०२४ पासून थेट घरोघरच्या पडद्यावर उतरली. तिनें आम्हांस आनंद दिला कीं निराशा, असें कोणी विचारलें तर उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. म्हणूनच चार शब्द अधिक लिहिणें प्राप्त झालें आहे.

पहिला चित्रपट, ‘बाहुबली : द बिगिनिंग’, १० जुलै २०१५ रोजीं प्रदर्शित झाला. तो पावसाळा आम्हां बीडकरांस विसरणें शक्य नाहीं. आदलें वर्ष कोरडें गेलेलें, त्यांत या वर्षींही आभाळानें पाठ फिरविलेली. गुरांसाठीं छावण्या उघडाव्या लागल्या. केज तालुक्यांतील धनेगांवच्या मांजरा धरणानें तळ दाखविला. आणि एप्रिल २०१६ मध्यें लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें. अशा वर्षीं पडद्यावर आभाळांतून कोसळणारा तो प्रचंड धबधबा पाहून प्रेक्षकांच्या तोंडून जो सुस्कारा निघे, तो केवळ कलेच्या कौतुकाचा नव्हता. धबधबा मूळचा केरळांतील आतिरप्पिळ्ळीचा, आणि संगणकाच्या करामतीनें गगनाला भिडविलेला. परंतु पाटोदें तालुक्यांतील सौताड्याचा धबधबा ज्यांनीं भर श्रावणांत पाहिला आहे, त्यांस त्या पाण्याचा आवाज ओळखीचा वाटला. पुन्हापुन्हा घसरून पडणारा आणि पुन्हापुन्हा तोच कडा चढूं पाहणारा तरुण नायक दुष्काळांतल्या माणसांस आपला वाटला, यांत नवल तें काय?

कथाही परकी नव्हती. चित्रपट तेलुगु व तमिळ भाषांत घडविलेला. तथापि ज्या माहिष्मती नगरींत ती कथा घडते, तें नांव पुराणांतलें आहे आणि विद्वान लोक ती नगरी नर्मदाकांठच्या महेश्वरास असावी असें मानतात. तें महेश्वर अहिल्याबाई होळकरांच्या राजधानीचें ठिकाण. आणि आमच्या परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार याच अहिल्याबाईंनीं करविला. कथेंतील कपटी पित्याचें नांव बिज्जलदेव. बिज्जल नांवाचा कलचुरी राजा बाराव्या शतकांत कल्याणीच्या गादीवर खरोखरच होऊन गेला. चित्रपटाची माहिष्मती काल्पनिक आहे हें आम्ही जाणतों. परंतु नांवें ओळखीचीं असलीं म्हणजे कल्पित राज्यही आपल्या शिवेपलीकडचें वाटतें. हिंदी अवतारांत बाहुबलीस आवाज शरद केळकर यांचा लाभला. पुढें २०२१ सालीं मराठी अवतार दूरचित्रवाणीवरून थेट घरांत आला, तेव्हां तोच बाहुबली गश्मीर महाजनी यांच्या आवाजांत बोलूं लागला. त्यामुळें घरांतील ज्या वडील मंडळींनीं चित्रगृहाची पायरी कधीं चढली नव्हती, त्यांसही ही कथा माजघरांत बसून पाहतां आली.

पहिल्या चित्रपटाच्या शेवटीं म्हातारा कटप्पा सांगतो कीं बाहुबलीला मीच मारिलें. आणि तेथेंच पडदा पडतो. दुसरा चित्रपट २८ एप्रिल २०१७ रोजीं आला. मधल्या पावणेदोन वर्षांहून अधिक काळ एसटीच्या फलाटावर, शाळेच्या मधल्या सुटींत, लग्नाच्या पंगतींत एकच प्रश्न : कटप्पानें बाहुबलीस कां मारिलें? आणि उत्तर मिळालें तें असें कीं, शत्रूनें मारविलें नाहीं, राक्षसानें मारविलें नाहीं; घरांतल्या घरांत मारविलें. दोन चुलतभाऊ एकाच राजमातेच्या हातचें जेवून वाढले. राजमाता शिवगामीनें पोटच्या भल्लालदेवास बाजूस सारून पुतण्यास गादी दिली. पुढें देवसेनेच्या निमित्तानें मनें फाटलीं, कान भरले गेले, माता फसली. आणि तिच्या तोंडून निघालेली आज्ञा सिंहासनाच्या शपथेनें बांधलेल्या दासाला पाळावी लागली. कालकेयांची लाखांची सेना जें करूं शकली नाहीं, तें एका घरांतील संशयानें केलें. आमच्या मतें या चित्रपटाच्या यशाचें मर्म धबधब्यांत नाहीं, हत्तींत नाहीं, तर या भाऊबंदकींत आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेला मनुष्य ती कथा पाहतांना एखाद्या क्षणीं शेजारीं बसलेल्या भावाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाहतो. मग तें तो कबूल करो वा न करो.

आतां पूर्वकथेकडे वळूं. परंतु त्याआधीं, चित्रगृह टाळून थेट घरीं येणाऱ्या चित्रपटांची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे.

ही रीत जोमानें वाढली ती अमेरिकेंत. तेथें घरोघर व्हिडिओ कॅसेटीचीं आणि मागाहून तबकड्यांचीं यंत्रें आलीं, तेव्हां कंपन्यांच्या ध्यानांत आलें कीं गाजलेल्या चित्रपटाचें नुसतें नांव वेष्टणावर असलें तरी माल खपतो. चित्रगृहाचा वांटा नको, शहरोशहरीं जाहिरातींचा खर्च नको, महागडा नट तर नकोच. नायकाच्या तरुणपणची गोष्ट सांगावयाची म्हटली कीं नवा, स्वस्त, तरुण नट घेण्यास आयतेंच निमित्त सांपडतें. ‘द स्कॉर्पियन किंग’ची गोष्ट याचा उत्तम नमुना आहे. १९९९ सालीं ‘द ममी’ आला. २००१ सालच्या त्याच्या पुढल्या भागांत विंचूराजा नांवाचें एक पात्र थोडा वेळ दिसलें. २००२ सालीं त्या पात्राची पूर्वकथा ड्वेन जॉन्सन या धिप्पाड नटास घेऊन चित्रगृहांत झळकली. आणि २००८ सालीं त्या पूर्वकथेचीही पूर्वकथा मायकेल कोपन नांवाचा दुसराच नट घेऊन परस्पर तबकडीवर निघाली. तिच्या शेवटीं नायकाची झुंज होते ती एका अदृश्य विंचवाशीं! रात्रीं अंथरूण झटकल्यावांचून न निजणाऱ्या आमच्या जिल्ह्यांतील लोकांस न दिसणाऱ्या विंचवाची भीति समजावून द्यावयास नको; तथापि विंचू अदृश्य असला म्हणजे तो रंगविण्याचा खर्च वांचतो, एवढाच त्याचा अर्थ आम्हांस लागला.

अशा चित्रपटांकडे नाक मुरडून पाहण्याची शहाण्या लोकांत पद्धत आहे. आम्ही तिच्यांत सामील होऊं इच्छीत नाहीं. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठीं हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. फडाच्या कडेला पाचटाच्या कोपींत, दिवसभर कोयता चालवून आलेल्या माणसाचें चित्रगृह म्हणजे त्याच्या हातांतला दूरध्वनीच होय. तीच गोष्ट आमच्या घरांतील पायांनीं अधू झालेल्या आजीची, आणि तान्ह्या मुलामुळें उंबरा ओलांडतां न येणाऱ्या सुनेची. कथा त्यांच्याकडे चालत आली, तर ती चालत आली म्हणून हलकी ठरत नाहीं. कीर्तनही पारावर झालें, म्हणून कांहीं तें उणें झालें नाहीं. तेव्हां चित्रपट कोठें दाखविला हा प्रश्न गौण आहे. त्यानें काय सांगितलें हा खरा.

पूर्वकथेनें काय सांगावें, याविषयीं आमच्या परंपरेंत उत्तम दृष्टांत आहेत. महाभारत पुरें झालें तरी त्यांत कृष्णाचें बाळपण जवळजवळ नाहींच. सौतीनें भारत सांगून संपविलें तेव्हां शौनकानें विचारलें कीं कुरुकुळाची कथा ऐकिली, पण वृष्णि आणि अंधक यांची कथा राहिली, ती सांगावी. त्यावर जो ग्रंथ सांगितला गेला तो हरिवंश. महाभारताचें त्याला ‘खिल’ म्हणतात, म्हणजे पुरवणी. पुरवणी म्हणून निघालेली ती कथा पुढें मूळ ग्रंथाच्या तोडीनें लोकप्रिय झाली, आणि श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ पिढ्यान् पिढ्या चातुर्मासांत घरोघर वाचला गेला. दुसरा दृष्टांत रामायणाच्या उत्तरकांडाचा. राज्याभिषेकानंतर राम अगस्ति ऋषींस विचारतो कीं हनुमान एवढा बलाढ्य, तर वालीनें सुग्रीवाचा छळ चालविला असतां त्यानें वालीस कां जाळून टाकिलें नाहीं? मग अगस्ति हनुमंताच्या बाळपणाची कथा सांगतात : त्यानें सूर्याकडे घेतलेली झेंप, ऋषींच्या आश्रमांतील त्याचा दांडगावा, आणि स्वतःच्या बळाचें विस्मरण होण्याचा त्यांचा शाप. मूळ कथेंत राहिलेल्या एका खऱ्या शंकेचें तें उत्तर आहे.

यावरून आम्ही एक कसोटी ठरविली आहे. पूर्वकथा ही मूळ कथेच्या भांडवलावर चालते. तिच्यावर मूळ कथेचें ऋण असतें. तें फेडण्याचा मार्ग एकच : श्रोत्याच्या मनांत खरोखर रुतून बसलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें. ज्या पूर्वकथेला कोणी प्रश्नच विचारलेला नाहीं, ती कितीही दिमाखाची असो, उसनें फेडीत नाहीं. नवें उसनें काढते.

‘क्राऊन ऑफ ब्लड’ नऊ भागांची आहे. चित्रपटांचे दिग्दर्शक राजामौली यांचें आणि शरद देवराजन यांचें नांव तिच्या कर्त्यांत आहे, म्हणजे ती कोणा तिऱ्हाइतानें नांव चोरून काढलेली नव्हे. कथा चित्रपटांतील घडामोडींच्या आधींची. रक्तदेव नांवाचा एक गूढ सेनानी माहिष्मतीवर चालून येतो आणि बाहुबली व भल्लालदेव हे दोघे मिळून राज्याचें व सिंहासनाचें रक्षण करतात.

प्रथम गुण सांगतों. चित्रपटांत आम्हीं ज्या भल्लालदेवाचा मनसोक्त तिरस्कार केला, तो येथें भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. ही एक गोष्टच आम्हांस हलवून गेली. शत्रुत्व पाहणें सोपें असतें; पण ज्याचें पुढें शत्रुत्व होणार आहे तें सख्य पाहतांना मन कातर होतें. दोघे एकाच शत्रूवर धांवून जातात, एकमेकांची पाठ राखतात, आणि पाहणारास ठाऊक असतें कीं पुढें यांतील एक दुसऱ्याचा घात करविणार आहे. घरांतील मुलें टाळ्या पिटतात आणि वडील माणसें गप्प बसतात. पूर्वकथेलाच साधणारें असें हें कारुण्य आहे. मूळ चित्रपटांत तें इतक्या निवांतपणें मिळालें नव्हतें.

आतां दोष. पहिला दोष असा कीं येथील संकट पोकळ आहे. बाहुबली मरणार नाहीं, भल्लालदेव मरणार नाहीं, कटप्पा व राजमाता सुखरूप राहणार, सिंहासन पडणार नाहीं. कारण हीं सर्व मंडळी पुढें चित्रपटांत यावयाचीं आहेत. मग तलवारींच्या खणखणाटाला वजन कोठून येणार? यावर कोणी म्हणेल कीं कालियामर्दनांत कृष्ण बुडणार नाहीं हेंही श्रोत्यांस ठाऊक असतेंच. खरें आहे. पण तेथें डोहाच्या कांठीं यशोदा उभी असते, आणि तिला ठाऊक नसतें. श्रोता कृष्णासाठीं रडत नाहीं, यशोदेसाठीं रडतो. शेवट माहीत असलेल्या कथेंत भय उत्पन्न करावयाचें तर तें शेवट माहीत नसलेल्या जिवाच्या डोळ्यांतून दाखवावें लागतें. दोन मुलांस एकाच वेळीं रणांत धाडणाऱ्या शिवगामीचें मन हा या कथेंतला यशोदेचा डोह होता. मालिका त्या डोहाच्या कांठीं मुक्काम करीत नाहीं. तिला पुढल्या लढाईची घाई फार. शिवाय रम्या कृष्णन यांनीं चित्रपटांत नुसत्या डोळ्यांनीं जो दरारा उभा केला, तो रेषांत उतरविणेंही कठिण; काढलेलें चित्र रागावतें, पण दरारा बसवीत नाहीं.

दुसरा दोष अधिक गंभीर. एवढा मोठा रक्तदेव राज्यावर चालून आला, तर पुढें दोन्ही चित्रपटांत त्याचें नांव कोणीच कसें काढीत नाहीं? कालकेयांशीं युद्ध मांडतांना कोणी म्हणत नाहीं कीं याआधींही आपण असें संकट परतविलें आहे. भावाभावांचें फाटतें तेव्हां कोणास त्या जुन्या एकजुटीची आठवण होत नाहीं. याचें कारण उघड आहे : चित्रपट लिहिले गेले तेव्हां रक्तदेव जन्मलाच नव्हता. नवी भिंत जुन्या घराला लावतांना आधींच्या भिंतींत दांते काढून ठेविलेले नसले, तर गिलावा कितीही गुळगुळीत केला तरी पहिल्याच पावसाळ्यांत भेग दिसते. तसें येथें झालें आहे.

आणि ज्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस हवें होतें, तें या खणखणाटांत मागें पडतें. कटप्पानें बाहुबलीस कां मारिलें, हें २०१७ सालीं समजलें. पण त्याच्याही मुळाशीं दुसरे प्रश्न आहेत. एवढी करारी, न्यायी शिवगामी अशी सहज फसली कशी? कटप्पासारखा शूर पुरुष स्वतःच्या विवेकाविरुद्ध तलवार चालवितो, अशी ती कसली शपथ, आणि ती त्याच्या कुळाला कोणीं घातली? भल्लालदेवाच्या मनांत मत्सराचें बीं पेरलें तें एका दिवसांत कीं रोजच्या जेवणाच्या ताटावर, थोडें थोडें? ही पूर्वकथा आम्हांस कोणी सांगितली असती, तर आम्ही तिच्यासाठीं रात्रभर बसलों असतों.

अशी कथा लिहिली गेलीच नाहीं असेंही नाहीं. आनंद नीलकंठन यांनीं इंग्रजींत ‘द राइज ऑफ शिवगामी’ ही कादंबरी २०१७ सालीं प्रसिद्ध केली व पुढें तिचे आणखी भाग लिहिले. तींत शिवगामी ही देशद्रोही ठरवून देहान्त दिलेल्या सरदाराची अनाथ मुलगी आहे. ज्या माहिष्मतीनें बापाला मारिलें तिचा सूड घेण्याची तिनें लहानपणींच प्रतिज्ञा केलेली, आणि पुढें तीच त्या राज्याची राजमाता होणार! तिच्या बापानें मागें ठेविलेली पोथी पैशाची भाषेंतली असते. कटप्पा त्या कादंबरींत तरुण आहे. तो दास्यालाच धर्म समजतो, तर त्याच्या धाकट्या भावास स्वातंत्र्य हवें आहे. एकाच झोपडींत वाढलेल्या दोन भावांच्या दोन वाटा! राजवाड्यांतल्या भाऊबंदकीचें प्रतिबिंब दासाच्या घरांत दाखविण्याची ही कल्पना आम्हांस फार मार्मिक वाटली.

या कादंबरीवरून ‘बाहुबली : बिफोर द बिगिनिंग’ ही घरबसल्या पाहण्याची मालिका नेटफ्लिक्स कंपनीनें २०१८ सालीं जाहीर केली. दिग्दर्शन देवा कट्टा व प्रवीण सत्तारू यांच्याकडे होतें आणि तरुण शिवगामीची भूमिका मूळच्या धुळ्याच्या मृणाल ठाकूर यांना मिळाली होती. बरेंचसें चित्रीकरण होऊनही तें बाजूस ठेवण्यांत आलें. नवी माणसें घेऊन पुन्हा प्रयत्न झाला. आणि अखेर तोही सोडून देण्यांत आला. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर शिवेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या कांठीं, आमच्याहून फार दूर नसलेलें, पैठण आहे. तेथील सातवाहन राजाच्या पदरीं असलेल्या गुणाढ्यानें पैशाची भाषेंत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली, राजानें ती झिडकारली, तेव्हां त्यानें रानांतल्या पशुपक्ष्यांस एकेक पान वाचून दाखवून तें अग्नींत टाकिलें, आणि राजास पश्चात्ताप होईपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले, अशी आख्यायिका आहे. चित्रपटाच्या फिती आतां कोणी जाळीत नाहीं. त्या संगणकाच्या कपाटांत बंद होतात. पण पाहणाराच्या दृष्टीनें फरक काय? जी पूर्वकथा ऋण फेडूं शकली असती ती कपाटांत राहिली, आणि जिला कोणी प्रश्न विचारला नव्हता ती घरोघर पोंचली, हें आमच्या असमाधानाचें मूळ आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्यही आहे. ‘क्राऊन ऑफ ब्लड’ मुख्यतः मुलांस रमविणारी. मुलांस शपथा, मत्सर आणि कान भरणें यांचें काय? त्यांना लढाई हवी. आमचा अनुभव निराळा आहे. मुलांस लढाई आवडते हें खरें, पण लढाई संपल्यावर तीं जो प्रश्न विचारतात तो लढाईचा नसतो. ‘हे दोघे भाऊ इतके चांगले होते, तर मग भांडले कशाला?’ हा प्रश्न आम्हीं एकाहून अधिक घरांत, एकाहून अधिक मुलांच्या तोंडून ऐकिला आहे. ज्या प्रश्नाला कर्त्यांनीं बगल दिली, तो सात-आठ वर्षांच्या पोरांनीं बरोबर हुडकून काढला. तेव्हां मालिकेचें श्रेय निदान एवढें तरी मानलेंच पाहिजे कीं तिनें उत्तर दिलें नसलें, तरी प्रश्न घरांत आणून सोडला.

म्हणून आमची सूचना अशी. ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं प्रथम दोन्ही चित्रपट दाखवावे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ते दोन्ही एकत्र करून ‘बाहुबली : द एपिक’ या नांवानें पुन्हा चित्रगृहांत आणले गेले होते, यावरून त्यांची ओढ दहा वर्षांनींही ओसरलेली नाहीं हें दिसतेंच. मालिका त्यानंतर दाखवावी, आधीं नव्हे. नाहीं तर सख्याची किंमत कळावयाची नाहीं. आणि मुलानें तो प्रश्न विचारला कीं यंत्र बंद करून वडील माणसानें उत्तर द्यावें. तें उत्तर कोणत्याही मालिकेंत नाहीं. तें आपल्या घरांत असतें.

कारण पूर्वकथेवांचून वाढणारीं मुलें आमच्या आजूबाजूस पुष्कळ आहेत. बीडच्या पंचक्रोशींत घ्या, अंबाजोगाईस घ्या, कीं गेवराईच्या गोदाकांठच्या गांवांत घ्या. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, वाड्याच्या ओसरीवरून दोन घरांचें बोलणें बंद झालेलें कोठें नाहीं? तेथील मुलांस ठाऊक असतो तो फक्त दुसरा भाग : वांटणी, तारखा, एकमेकांच्या दारावरून मान वळवून जाणारे चुलते. ज्या विहिरीच्या पाळीवरून आज वाद आहे ती याच दोघा भावांनीं एका उन्हाळ्यांत मिळून खणली होती, एकानें पहार धरली आणि दुसऱ्यानें माती ओढली, हें त्यांस कोणी सांगत नाहीं. मोठ्यांस तें आठवत असतें. पण आठवण सांगितली तर आपली बाजू लंगडी पडेल, अशी भीति वाटते. बिज्जलदेवानें तरी दुसरें काय केलें? त्यानें मुलास जन्मभर एकच भाग सांगितला : गादी आपली होती आणि ती त्यांनीं घेतली.

रक्तदेवाची झुंज आम्ही दोन वर्षांत विसरून जाऊं. शेजारींशेजारीं उभे असलेले ते दोन रेखाटलेले भाऊ मात्र आम्हांस विसरतां येणार नाहींत. आणि एवढ्या एका चित्रासाठीं मालिकेचे बाकीचे दोष आम्ही माफ करावयास तयार आहों. ज्या घरांतील आजोबांना आपल्या भावाबरोबर खणलेली विहीर आठवत असेल, त्यांनीं ती गोष्ट येत्या सुटींत नातवंडांस सांगावी. आणि शक्य झालें तर दोन्ही घरचीं नातवंडें एकत्र बसवून सांगावी.